पाण्यातून हायड्रोजन: घरच्या टेबलावर, एका परीक्षानळीपुरता

एका कप चहापासून सुरुवात करतो. दीडशे मिली पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ४७ किलोज्यूल उष्णता लागते. पाण्यातून १ अँपिअर वीज तासभर सोडली, तर सुटलेला हायड्रोजन जाळून मिळतात साडेचार किलोज्यूल. म्हणजे सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं, तरी त्या एका कपासाठी साडेदहा तास. खऱ्या शेगडीवर निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, तेव्हा वीस तास धरा. सकाळी सातला ठेवलेला चहा दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला, तोही बिनदुधाचा.

हे आधीच सांगितलं, कारण ‘पाण्यावर चालणारी शेगडी’ दाखवणारा व्हिडिओ दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला पाठवतं आणि खाली विचारतं, आपण करायची का? शेगडी करायची नाही. पण पाणी फोडून त्यातून हायड्रोजन काढणं हा घरी करण्यासारखा अतिशय सुंदर प्रयोग आहे. त्यात रसायनशास्त्र दिसतंच, शिवाय वीज मोजता येते, वायू मोजता येतो, आणि दोन्हींचा हिशोब कागदावर जुळतो. तो नीट, सुरक्षित आणि मोजून कसा करायचा ते पुढे आहे. आठवीच्या पुढच्या मुलांनी मोठ्या माणसाला शेजारी बसवून करावा.

आत काय घडतं

१८०० साली व्होल्टाने आपल्या विद्युतघटाची बातमी पत्राने लंडनला कळवली आणि त्याच वर्षी विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी तसाच घट बनवून त्याच्या तारा पाण्यात बुडवल्या. दोन तारांवर दोन वेगळे वायू आले. आपण करणार आहोत तो हाच प्रयोग, फक्त घटाच्या जागी बाजारातले सेल.

बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली पट्टी म्हणजे ऋणाग्र. तिथे पाण्याला इलेक्ट्रॉन मिळतात आणि हायड्रोजन सुटतो. धन टोकाची पट्टी म्हणजे धनाग्र, तिथे ऑक्सिजन. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, म्हणून एका नळीत दुसरीच्या दुप्पट वायू जमतो. कोणती नळी कुठली हे विसरलात तरी डोळ्यांना कळतं.

निव्वळ पाणी वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळे त्यात काहीतरी विरघळवावं लागतं. ते ‘काहीतरी’ काय असावं, यावरच घरगुती प्रयोगांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. त्याकडे येतोच.

पाणी फुटायला सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात पट्ट्यांवर बुडबुडे दिसायला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, आणि दोन पट्ट्यांमधलं पाणी जो अडथळा करतं त्याचे वेगळे. म्हणून दीड व्होल्टचा एकच सेल लावून ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचा प्रयोग चुकलेला नसतो, त्याचा सेल कमी पडलेला असतो.

सामान

धुण्याचा सोडा शंभर ग्रॅम. किराणा दुकानात मिळतो. खाण्याच्या सोड्यानेही काम होतं, पण त्यात धनाग्रावर ऑक्सिजनच्या जोडीला थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मापं बिघडतात.

बॅटरीत घालायचं डिस्टिल वॉटर एक लिटर, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात. नळाचं पाणी चालेल, पण बोअरचं क्षारांचं पाणी असेल तर सोडा घातल्यावर ते दुधासारखं गढूळ होतं.

पेन्सिल सेल चार आणि ते बसवायचा होल्डर. मिळून सहा व्होल्ट होतात. त्याऐवजी जुना पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर वापरता येतो: वायरचं पुढचं टोक कापायचं, लाल आणि काळी तार सोलायची, उरलेल्या दोन बारीक तारांना टेप गुंडाळायचा. रंगावर विश्वास ठेवू नका, धन कुठली आणि ऋण कुठली ते मल्टिमीटरने बघा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगमधून थेट तार पाण्यात सोडण्याचा विचारही नको. डायोड लावून केलं तरी नको. त्यात माणूस जातो.

मल्टिमीटर. अडीच-तीनशे रुपयांतला साधा चालतो. तो नसेल तर प्रयोग होईल, पण अर्धी मजा जाईल.

२० मिलीच्या दोन परीक्षानळ्या. यापेक्षा मोठं काही घेऊ नका, कारण पुढे सांगतो. रुंद तोंडाचा काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा, तारा, क्रोकोडाइल क्लिपा, सिरिंज, मार्कर, हार्डवेअरच्या दुकानातला संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे.

राहिल्या पट्ट्या. त्यांना वेगळा परिच्छेद द्यावा लागेल.

पट्टी कसली घ्यायची

मी नववीत असताना स्टीलचे दोन चमचे आणि मूठभर मीठ घेऊन हा प्रयोग केला होता. बुडबुडे भरपूर आले. थोड्या वेळाने पोहण्याच्या तलावासारखा वास यायला लागला, डोळे चुरचुरले, आणि पाणी आधी पिवळं, मग गढूळ तपकिरी झालं. माझ्या मते प्रयोग यशस्वी होता. आजीने सगळं उचलून मोरीत ओतलं आणि चमचे फेकून दिले. त्या दिवशी तिने माझ्यापेक्षा चांगलं रसायनशास्त्र केलं, मोरीचा भाग सोडला तर.

तो वास क्लोरीनचा होता. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन येतो, आणि बंद खोलीत तो फुप्फुसांना घातक असतो. म्हणून मीठ नाही, सैंधव नाही, समुद्राचं पाणी नाही. पिवळा रंग त्याहून वाईट. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. धनाग्र म्हणून स्टील झिजतं तेव्हा ते क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि त्याचा एक प्रकार कर्करोगकारक आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक घरगुती उपकरणांत स्टीलच्याच प्लेटा असतात आणि पाणी पिवळं पडलेलं व्हिडिओतही दिसतं. त्यावर कोणी बोलत नाही.

तांब्याची तार? धनाग्रावर ती विरघळते आणि पाण्यात निळसर-हिरवा गाळ येतो. ॲल्युमिनियम सोड्यात बॅटरी न लावताही खाल्लं जातं. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते विषारी नाही आणि स्वस्त आहे, पण धनाग्रावर त्याची पूड पडून पाणी काळं होतं आणि थोडा ऑक्सिजन कार्बनला चिकटून जातो. वायू नुसता ‘दाखवायचा’ असेल तर दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिली छान. मोजायचा असेल तर निकेल.

लिथियम सेल एकमेकांना जोडायला निकेलची पातळ पट्टी वापरतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती मीटरवर मिळते. दुकानदार ‘प्युअर निकेल’ म्हणेल, पण बरीचशी पट्टी लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली असते. पारख सोपी आहे: पट्टीवर सुरीने खोल चरा पाडा आणि तुकडा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी चऱ्यात तांबूस गंज दिसला तर ती परत करा. चुंबकाने पारख होत नाही, कारण निकेल स्वतःच चुंबकाला चिकटतं.

मांडणी

आधी नळ्यांवर खुणा करून घ्या. सिरिंजने एकेक मिली पाणी घालत मार्करने बारीक रेघ मारायची. कंटाळवाणं काम आहे, तरीही करा.

अर्धा लिटर पाण्यात चहाचे तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, सोडा पूर्ण विरघळवा. हे पाणी बोटांना बुळबुळीत लागतं. कातडीला फार काही होत नाही, पण डोळ्यात गेलं तर झोंबतं. म्हणून चष्मा आतापासूनच. कॉस्टिक सोड्याने वीज जास्त चांगली वाहते, हे खरं. पण त्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. पंधरा मिली वायूसाठी एवढी जोखीम कशाला?

निकेलच्या पट्टीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापा. प्रत्येक तुकडा असा वाकवा की तो डब्याच्या काठावरून आत उतरेल, तळाशी वळेल आणि टोक पुन्हा वर येईल. वर आलेलं शेवटचं तीन सेंटीमीटर टोक उघडं ठेवून बाकी पाण्यातल्या सगळ्या भागावर प्लास्टिकची स्लीव्ह, म्हणजे तारेवर चढवतात तसली पातळ नळी, चढवा. ही स्लीव्ह महत्त्वाची. ती नसेल तर पट्टीच्या पूर्ण लांबीवर बुडबुडे येतात, निम्मे नळीबाहेर निसटतात आणि हिशोब कधीच जुळत नाही. तांब्याची तार निकेलला जिथे जोडली आहे तो सांधा पाण्याच्या वर, डब्याबाहेर राहायला हवा.

आता नळी सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरा, तोंडावर अंगठा दाबा, उलटी करून डब्यातल्या पाण्यात बुडवा आणि मग अंगठा काढा. नळी भरलेलीच राहते. ती पट्टीच्या उघड्या टोकावर अलगद बसवा, टोक नळीच्या तोंडातून आत गेलं पाहिजे. दुसऱ्या पट्टीवर दुसरी नळी. नळ्या उभ्या राहाव्यात म्हणून डब्यावर आडवी लाकडी पट्टी ठेवून रबरबँडने बांधा, किंवा थर्मोकोलच्या तुकड्याला दोन भोकं पाडा. दोन पट्ट्यांमध्ये तीन-चार सेंटीमीटर अंतर असू द्या. त्या कुठेही एकमेकींना चिकटत नाहीत ना, ते वाकून बघा.

ऋण टोकाच्या नळीवर ‘हा’ आणि धन टोकाच्या नळीवर ‘ऑ’ लिहा. एकदा चालू केल्यावर तारांची अदलाबदल करायची नाही. केलीत तर एकाच नळीत दोन्ही वायू जमतील, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे.

चालू करा आणि मोजा

मल्टिमीटर अँपिअरवर लावून मंडलात मध्ये जोडा. प्रोब दहा अँपिअरच्या भोकात घाला, नाहीतर आतला फ्यूज उडेल. प्रवाह ०.१५ ते ०.३ अँपिअरच्या आसपास असेल. मी गणितासाठी ०.२ धरतो.

पहिली पाच मिनिटं येणारा वायू मोजायचा नाही. सुरुवातीला निकेलवर ऑक्साइडचा थर बसतो आणि थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. पाच मिनिटांनी वीज बंद करा, नळ्या पुन्हा भरून बसवा आणि घड्याळ लावा.

ऋणाग्रावरचे बुडबुडे इतके बारीक असतात की ते धुरासारखे वर चढतात. धनाग्रावर ते मोठे, सुटे सुटे. गेल्या वर्षी कॉलनीतली एक मुलगी अर्धा तास नळीला नाक लावून बसली होती. म्हणाली, ‘दादा, इकडे साबुदाणा आहे आणि तिकडे रवा.’ बुडबुड्यांचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

आता हिशोब. फॅरेडेने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की सुटणारा पदार्थ फक्त किती विद्युतप्रभार गेला यावर ठरतो. ०.२ अँपिअर, दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, गुणाकार १२० कूलोम. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून १२० ला ९६४८५ च्या दुपटीने भागायचं (मोल म्हणजे रेणू किंवा इलेक्ट्रॉन मोजायचं ठरावीक माप, आणि ९६४८५ कूलोम हा एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार). उत्तर ०.०००६२ मोल. तीस अंश तापमानाला एक मोल वायू साधारण २४.९ लिटर जागा घेतो, म्हणजे साडेपंधरा मिली. ऑक्सिजन त्याच्या निम्मा, पावणेआठ मिली.

नळीवरची रेघ साडेपंधराच्या जवळपास आली की होणारा आनंद मला आजही होतो. अदृश्य इलेक्ट्रॉन मोजल्याचा पुरावा समोर उभा असतो, तोही घरी मारलेल्या मार्करच्या रेघांवर.

आणखी एक आकडा काढून ठेवा. चार्जर लावला असेल तर पाच व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर गुणिले ६०० सेकंद, म्हणजे ६०० ज्यूल वीज आपण घातली. मिळालेल्या हायड्रोजनमध्ये जास्तीत जास्त १७८ ज्यूल आहेत. कार्यक्षमता तीस टक्के. बाकीचे सत्तर कुठे गेले? डबा हाताला थोडा कोमट लागेल, तिथे.

जमलं नाही तर

बुडबुडेच नाहीत: सांधा ढिला आहे किंवा सेल उतरलेत. प्रवाह भरपूर पण वायू कमी: स्लीव्ह फाटली आहे, नळीबाहेर बुडबुडे शोधा. दोन्ही नळ्यांत सारखाच वायू: पट्टीची टोकं नळ्यांच्या तोंडात नीट गेलेली नाहीत आणि वायू इकडचा तिकडे होतोय. अशा नळ्यांजवळ काडी न्यायची नाही, त्या उघड्या हवेत सोडून द्यायच्या. ऑक्सिजन निम्म्याहून कमी: थोडा कमी असणं स्वाभाविक आहे, फारच कमी असेल तर तुम्ही ग्रॅफाइट वापरताय. पाण्याला रंग आला: थांबा. पट्टी निकेलची नाही.

वायूची परीक्षा

आधी वीज बंद. मग डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला किंवा दुसऱ्या खोलीत. उपकरण चालू असताना जवळपास काडी, उदबत्ती, गॅस, काही पेटवायचं नाही.

हायड्रोजनची नळी पूर्ण भरेपर्यंत थांबा. पाण्याखालीच तोंडावर अंगठा लावून बाहेर काढा, तोंड खालीच ठेवा. हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका, तोंड वर केलं की पळाला. केस बांधलेले, चष्मा लावलेला, मेणबत्ती हात लांब करून. अंगठा काढून नळीचं तोंड ज्योतीजवळ न्या. ‘फप्प’ असा छोटा, बसका आवाज आला तर हायड्रोजन बऱ्यापैकी शुद्ध आहे. कुत्र्याच्या पिल्लासारखी तीक्ष्ण किंकाळी आली तर आत हवा मिसळली आहे. ज्योत दिसेलच असं नाही, कारण हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. नळीच्या आत बघा, काचेवर दमट धुकं धरतं. ते नव्याने तयार झालेलं पाणी. पण नळी आधीच ओली असते, त्यामुळे पुरावा म्हणून परीक्षकांपुढे ते चालत नाही, हे सांगून ठेवतो.

ऑक्सिजनची नळी मात्र अंगठा लावून सरळ करायची, तोंड वर. विझत आलेली, नुसता निखारा असलेली उदबत्ती आत सोडा. निखारा एकदम उजळतो, कधी पेट घेतो.

नळी लहानच का

कारण हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात असला तरी पेटतो. एलपीजीची हीच मर्यादा साधारण दोन ते साडेनऊ टक्के. आणि पेटवायला लागणारी ठिणगी इतकी क्षीण पुरते, ०.०२ मिलिज्यूल, की हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी चटचटही त्याहून जोरदार असते. पंधरा मिलीचा ‘फप्प’ होतो. तोच वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून लिटरभर बाटलीत असेल तर बाटलीचे तुकडे होतात, आणि ते कुठे जातात ते आपण ठरवत नाही.

डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह नावाच्या गावी पोल ला कूर या शिक्षकाने १८९५ पासून काही वर्षं पवनचक्कीच्या विजेने पाणी फोडून शाळेत हायड्रोजनचे दिवे लावले होते. वीज साठवायची स्वस्त सोय नव्हती, म्हणून वारा वायूच्या रूपात साठवायचा, अशी ही कल्पना. काळाच्या किती पुढची! पण हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचा जरासा अंश मिसळला जाऊन स्फोट व्हायचे आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्या अनेकदा नव्याने बसवाव्या लागल्या. हा माणूस आपल्या विषयातला तज्ज्ञ होता, सगळी यंत्रणा त्याच्या देखरेखीखाली होती. आपल्याकडे लोणच्याची बरणी आणि एम-सील असतं.

म्हणून काही गोष्टी अजिबात नाहीत. दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करणारं उपकरण नाही. बाजारात आणि व्हिडिओत ‘एचएचओ’ म्हणतात ते हेच. बाटली, फुगा, ट्यूब, जुना सिलिंडर, कशातही साठवण नाही. दाब देणं नाही. ‘पाण्याचा बबलर (वायू जिच्यातल्या पाण्यातून पुढे जातो ती बाटली) लावला की आग मागे येत नाही’ हे अर्धसत्य आहे: पाणी कमी झालं, बाटली कलंडली, की तो नसल्यासारखाच. जत्रेत फुगेवाल्याची टाकी फुटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तिथे बहुधा कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम घालून टाकीतच हायड्रोजन बनवलेला असतो. लहान मुलाच्या हातातला तो फुगा उदबत्तीजवळ गेला तरी पुरे.

एलपीजीची शेगडी हायड्रोजनवर का चालत नाही, तेही इथेच. हायड्रोजनची ज्योत एलपीजीच्या ज्योतीपेक्षा कितीतरी वेगाने पुढे सरकते. त्या बर्नरच्या भोकांतून वायू ज्या वेगाने येतो त्याहून जलद ज्योत उलटी आत शिरते.

इंधन म्हणून हिशोब

घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो, म्हणजे सुमारे ६५० मेगाज्यूल. तेवढी उष्णता द्यायला साधारण ५.४ किलो हायड्रोजन लागेल. चांगल्या कारखान्यात एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज जाते, म्हणजे एका सिलिंडरमागे २८० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर सव्वादोन हजार रुपये. हे कारखान्याचं. आपल्या तीस टक्केवाल्या डब्यात सातशे युनिट लागतील. आणि तो वायू दाब न देता ठेवायचा म्हटलं तर दहा बाय दहाच्या दोन खोल्या जमिनीपासून छतापर्यंत भरून वर थोडा उरेल. कारखान्याच्या त्या २८० युनिटांवर इंडक्शन शेगडी लावली तर दोन-तीन महिन्यांचा स्वयंपाक होतो. मधला हायड्रोजन कशाला?

गाडीचं किट हा आणखी एक लाडका विषय. शेजारच्या काकांनी एका मेकॅनिककडून बसवून घेतलं होतं. बॅटरीवर पाणी फोडायचं, वायू इंजिनात सोडायचा, मायलेज वाढतं म्हणे. मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सहा कप्प्यांचं किट, २० अँपिअर. तासाला ५५ लिटर हायड्रोजन. ऐकायला भरपूर, पण त्यातली उष्णता १७ मिली पेट्रोलएवढी. ते २० अँपिअर द्यायला अल्टरनेटर (गाडीतलं वीज बनवणारं यंत्र) आणि इंजिन मिळून तासाला साधारण २०० मिली पेट्रोल जास्त पितात. काकांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘पण आवाज मऊ झालाय रे गाडीचा.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेत स्टॅनले मायर नावाच्या माणसाने पाण्यावर चालणारी गाडी दाखवून गुंतवणूकदारांकडून पैसे घेतले होते. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली आणि पैसे परत करायला लावले. व्हिडिओंमध्ये तो अजून हुतात्मा असतो. पाणी हे इंधन नव्हेच, ते जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे. राख पुन्हा लाकूड करायची तर जळताना निघाली त्याहून जास्त ऊर्जा घालावी लागणार.

मग सरकार हायड्रोजनमागे का लागलं आहे, असं मुलं हमखास विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवून. पण तो हायड्रोजन मुख्यतः स्वयंपाकासाठी नाही. खतासाठी अमोनिया, तेल शुद्धीकरण, पोलाद, अशी कामं आहेत जिथे थेट वीज चालत नाही, हायड्रोजनच लागतो. आणि आपल्याला हे नवीन नाही. पंजाबात नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून १९६० च्या दशकात खत बनत होतं. पाणी फोडताना साधा हायड्रोजन आधी सुटतो आणि जड हायड्रोजन मागे राहतो, त्याचा फायदा घेऊन देशातला पहिला जड पाण्याचा, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्याचा, कारखाना १९६२ मध्ये तिथेच उभा राहिला. आपल्या डब्यातही हेच अगदी किंचित घडत असतं. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांची हायड्रोजन बस दाखवली गेली. तिच्यात हायड्रोजन इंजिनात जाळत नाहीत, इंधनघटात पुन्हा पाणी करून त्यातून वीज काढतात. बस पाण्यावर चालत नाही, पाणी सोडत चालते.

प्रदर्शनासाठी एक भर

सेल काढून सहा व्होल्टचं छोटं सौर पॅनेल जोडा आणि उन्हात ठेवा. मल्टिमीटर मध्ये राहू द्या. पॅनेलवर हात धरला की धनाग्रावरचे बुडबुडे तिथल्या तिथे थांबतात, काढला की पुन्हा सुरू. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला दहा-दहा मिनिटं मोजून वायूचे तीन आकडे तक्त्यावर लिहा. ढग आला तर तोही लिहा. ‘पाण्यापासून इंधन’ अशी पाटी लावण्यापेक्षा हा तीन आकड्यांचा तक्ता जास्त गुण मिळवून देतो, आणि परीक्षकांनी ‘याचा उपयोग काय’ विचारलं तर चहाचा हिशोब सांगा.

आवरताना

वीज बंद करा, मग क्लिपा काढा. नळ्यांत उरलेला वायू खिडकीशी सोडा. हायड्रोजन वर चढून छताखाली, माळ्यावर साठतो, म्हणून खिडकी उघडी हवी. सोड्याचं स्वच्छ पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत गेलं तर हरकत नाही, किंवा पुढच्या वेळेसाठी झाकणाच्या बाटलीत ठेवा. बाटलीवर ‘सोड्याचं पाणी, पिऊ नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका. पाणी पिवळं किंवा हिरवट झालं असेल तर ते मोरीत ओतायचं नाही. वेगळ्या बाटलीत बंद करून शाळेच्या प्रयोगशाळेत विचारून द्या. निकेलच्या पट्ट्या साध्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवल्या की वर्षानुवर्षं टिकतात. धनाग्राची पट्टी काळपट होते, ती घासू नका. तो थर असला की पुढच्या वेळी ऑक्सिजनचं माप लवकर जुळतं.